बसून मरणारी यंत्रे : गुऱ्हाळाचे इंजिन आणि बर्फातला ट्रॅक्टर

यंत्र कशाने झिजते, असे कोणालाही विचारले तर उत्तर येते : वापराने. बारमाही चालणाऱ्या यंत्रांपुरते ते खरे आहे. पिठाच्या गिरणीची मोटार किंवा रोज रस्त्यावर धावणारा ट्रक कामानेच झिजतो. पण वर्षातले चार-पाच महिने राबून उरलेला काळ कोपऱ्यात पडून राहणाऱ्या यंत्राचा हिशेब वेगळा असतो. आमच्या कोल्हापूर भागात अशी यंत्रे पिढ्यानपिढ्या वापरात आहेत. त्यांतले सर्वांत ओळखीचे म्हणजे गुऱ्हाळावरचे ऑईल इंजिन.

मी इंजिनिअर नाही. गेली वीसएक वर्षे उद्यमनगरातली वर्कशॉप, करवीर-पन्हाळा भागातली गुऱ्हाळे आणि भंगारवाल्यांची आवारे यांत वही घेऊन हिंडतो आणि दिसले, ऐकले ते पुस्तकांशी ताडून पाहतो. या भटकंतीत एका वृद्ध मिस्त्रींनी मला एक वाक्य दिले : ‘‘इंजान कामानं मरत न्हाई बघा, बसून मरतंय.’’ या वाक्यात कितपत तथ्य आहे, हे तपासण्यासाठी हा लेख आहे. पडताळा घ्यायला मी एक दूरचे उदाहरण घेतले आहे. अमेरिका-कॅनडात लोक पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे छोटे बागेचे ट्रॅक्टर आजही अंगणातला बर्फ काढण्यासाठी वापरतात. हवामान, इंधन आणि काम सगळे निराळे असूनही तिथले जाणकार जवळपास हीच गोष्ट सांगतात.

गुऱ्हाळावर इंजिन आले

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली आणि कोल्हापूरच्या गुळाला हक्काची बाजारपेठ मिळाली. २०१४ मध्ये याच गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले. पण पेठ वसली तेव्हा ऊस गाळला जात होता तो बैलांच्या ताकदीवर. बैल गोल फिरत, चरकाचे रूळ हळूहळू वळत आणि एका काहिलीपुरता रस निघायला बराच वेळ जाई.

पुढच्या काही दशकांत दक्षिण महाराष्ट्रात यंत्रांची एक साखळीच उभी राहिली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगर आणि कडबा कापायचे यंत्र ही त्यांची सुरुवातीची उत्पादने. सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना होता. नांगरापासून सुरुवात करून तो डिझेल इंजिनांपर्यंत पोहोचला. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. कोल्हापुरात ऑईल इंजिनाच्या घडणीशी म्हादबा मेस्त्रींचे नाव जोडलेले आहे. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि तिची पाच अश्वशक्तीची उभी इंजिने गावोगाव पोहोचली. त्यांच्या जोडीला राजकोटला बनणारी, इंग्लंडच्या लिस्टर इंजिनाच्या धर्तीवरची दोन मोठ्या चाकांची इंजिनेही आली. कोल्हापूरच्या फाउंड्र्या आणि लेथ वर्कशॉप या सगळ्यांचे सुटे भाग करू लागल्या.

वीज आल्यावर नदीकाठचे बहुतेक पंप मोटारीवर गेले, पुष्कळ गुऱ्हाळेही गेली. तरी काही ठिकाणी जुने इंजिन जागेवर राहिले, कारण ऊस एकदा तोडला की थांबत नाही. तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत तो गाळला तर बरे. त्यापुढे साखरेचे विघटन वाढते, रस आंबतो आणि गुळाचा रवा नीट घट्ट होत नाही. तोडलेला ऊस आवारात, चुलवण पेटलेले, गुळव्या आणि जाळव्या कामावर, आणि वीज गेलेली. अशा वेळी हँडल मारून सुरू होणारे इंजिन म्हणजे त्या दिवसाची कमाई.

संथ फेऱ्यांचे गणित

जुने इंजिन टिकते ते ‘जुने ते सोने’ म्हणून, असे पुष्कळांना वाटते. त्यामागे साधे गणित आहे.

लिस्टर पद्धतीचे सहा अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला ६५० फेरे घेते. त्याच्या पिस्टनचा एका दिशेचा प्रवास १३९.७ मिलिमीटर. म्हणजे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ३ मीटर. किर्लोस्करचे ‘एव्ही-१’ इंजिन १,५०० फेऱ्यांवर चालते आणि त्याचा स्ट्रोक ११० मिलिमीटर आहे. तिथे हा वेग साडेपाच मीटर होतो. शंभर दिवसांचा हंगाम आणि दिवसाला बारा तास काम धरले तर पहिले इंजिन हंगामात ४ कोटी ६८ लाख फेरे घेते, दुसरे १० कोटी ८० लाख. जेवढे घासणे कमी, तेवढी झीज कमी.

दुसरी गोष्ट वजनाची. लिस्टर पद्धतीचे इंजिन तीनशे किलोच्या वर भरते आणि त्यातला मोठा वाटा दोन चाकांचा, म्हणजे फ्लायव्हीलचा असतो. चरकात ऊस एकसारखा जात नाही. कधी चार कांड्या जातात, कधी अख्खी मूठ. रुळांवर झटका येतो तेव्हा चाकात साठलेली गती तो झटका पेलते आणि इंजिनाचा आवाज फक्त थोडा जड होतो. झटका फारच मोठा असेल तर पट्टा घसरतो. इंजिन ते चरक जोडणारा तो सपाट पट्टा ही एका अर्थाने सुरक्षेची योजनाच आहे. तो घसरतो म्हणून क्रँक वाचतो.

तिसरी गोष्ट उघडण्याची. या इंजिनात असा एकही भाग नाही, जो पाने, हातोडी आणि एक चांगला लेथ यांनी सुटत किंवा बनत नाही. लायनर बदलता येतो, बेअरिंगात व्हाइट मेटल पुन्हा ओतता येतो, व्हॉल्व्ह घासून बसवता येतो.

बर्फातला ट्रॅक्टर

आता दूरचे उदाहरण. अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात हिवाळ्यात घरासमोरचा बर्फ हटवणे हे चैनीचे काम नाही. गाडी बाहेर काढायची तर वाट मोकळी लागते, आणि घरासमोरचा पदपथ साफ ठेवणे अनेक शहरांत घरमालकावर बंधनकारक असते. बर्फ दिसतो कापसासारखा, पण समजा वीस मीटर लांब आणि चार मीटर रुंद वाटेवर एक फूट, म्हणजे तीस सेंटिमीटर हिमपात झाला. तो २४ घनमीटर होतो. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला शंभर किलो धरला तरी २,४०० किलो वजन हलवायचे असते. ओला किंवा दबलेला बर्फ याच्या दोन-तीन पट भरतो. सरोवराकाठच्या बफेलो शहरात २०२२ च्या डिसेंबरात हिमवादळ झाले. लोक दिवसचे दिवस घरात अडकले आणि कित्येकांचे प्राण गेले. तिथे बंद पडलेले यंत्र काय करू शकते, हे गुऱ्हाळवाल्याला वेगळे समजावायला नको.

या कामासाठी तिथे छोटे ट्रॅक्टर वापरतात. आपल्या शेतातला ट्रॅक्टर डोळ्यांसमोर आणू नये. हे यंत्र मोठ्या बागेसाठी केलेले, कमरेएवढ्या उंचीचे. व्हील हॉर्स ही कंपनी १९४६ मध्ये इंडियाना राज्यात सुरू झाली. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ च्या हंगामासाठी ‘कब कॅडेट’ बाजारात आणला, जॉन डिअरने १९६३ मध्ये ‘११०’ हे मॉडेल. दोन्हींत सुरुवातीला सात अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे, बिडाचे कोलर इंजिन होते. म्हणजे ताकद जवळपास आपल्या गुऱ्हाळाच्या इंजिनाएवढीच. उन्हाळ्यात खाली गवत कापायची पाती लावायची, हिवाळ्यात ती काढून पुढे लोखंडी फाळ किंवा बर्फ उडवणारे यंत्र जोडायचे. बरेच जण एक जुना ट्रॅक्टर फक्त बर्फासाठी राखून ठेवतात.

तो संथ मात्र नाही. कोलरचे आठ अश्वशक्तीचे ‘के-१८१’ इंजिन ३,६०० फेऱ्यांवर ही ताकद देते. पिस्टनचा वेग सेकंदाला आठ मीटरच्या वर जातो. मग तो कशामुळे टिकला? एक तर वर्षाकाठी काम थोडे. दुसरे म्हणजे जड बिडाचे इंजिन, जाड पत्र्याची चौकट आणि मागे खरा गिअरबॉक्स. बर्फावर चाक घसरू नये म्हणून वजन हवेच असते. वजन कमी पडले तर चाकांना लोखंडी वजने बांधतात, साखळ्या चढवतात, टायरमध्ये न गोठणारे द्रव भरतात. या द्रवांत बीटच्या साखर उद्योगातून मिळणारा रसही असतो, हे वाचून मला गंमत वाटली. इकडे आपण उसाचा रस काढायला इंजिन लावतो, तिकडे बीटचा रस ट्रॅक्टरच्या टायरमध्ये जातो.

आणि आपल्या घसरणाऱ्या पट्ट्याचा भाऊ तिथेही आहे. बर्फ उडवणाऱ्या यंत्रात मुद्दाम मऊ लोखंडाचा एक बोल्ट बसवतात. पात्यात दगड किंवा गोठलेले ढेकूळ अडकले की तो बोल्ट तुटतो आणि गिअर वाचतात. बोल्ट वारंवार तुटतो म्हणून त्याजागी कडक पोलादाचा बसवणारे तिथेही भेटतात. पट्टा घसरतो म्हणून त्यावर राळ चोपडत राहणारे इथेही आहेत. दोघेही थोडा वेळ वाचवतात आणि महागडा भाग धोक्यात घालतात.

बसल्या काळात काय होते

गुऱ्हाळाचा हंगाम दसरा-दिवाळीला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलला उरकतो. नंतर वळीव, मग चार महिने पावसाळा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हवेतला दमटपणा लोखंडाला सोडत नाही. बंद इंजिनात त्या काळात नेमके काय घडते, ते क्रमाने पाहू.

पहिले, तेल. काम केलेल्या इंजिन तेलात काजळी, पाणी आणि डिझेलमधल्या गंधकापासून झालेली आम्ले असतात. २०२० च्या एप्रिलपासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत दहा भागांपर्यंत खाली आले आहे, त्यामुळे हा त्रास कमी झाला. पण संपला नाही, कारण पाणी आणि काजळी आहेच. हे तेल पावसाळाभर बेअरिंगभोवती बसून राहते. म्हणून तेल हंगाम सुरू होताना नव्हे, हंगाम संपताना बदलायचे. बहुतेक लोक याच्या उलट करतात, कारण नवे तेल आठ महिने नुसते पडून राहणार, हे जिवावर येते.

दुसरे, सिलिंडर. बंद झाल्यावर लायनरवरचा तेलाचा पातळ थर काही आठवड्यांत निथळतो. एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तर दमट हवा थेट आत जाते आणि रिंगा जिथे टेकल्या आहेत तिथे गंजाची रेघ उठते. यावर उपाय फुकटचा आहे. चाक हाताने फिरवत आणायचे आणि दाब लागेल त्या जागी, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना, थांबवायचे. त्याआधी सिलिंडरमध्ये थोडे स्वच्छ तेल सोडून चार-पाच फेरे द्यायचे.

तिसरे, डिझेल. अर्ध्या टाकीतल्या हवेतला ओलावा गार रात्री पत्र्यावर पाणी होऊन उतरतो आणि तळाशी साचतो. तिथून तो फ्युएल पंपात जातो. या पंपातल्या दांड्याची आणि नळीची फट दोन-तीन मायक्रॉनची असते. माणसाचा केस त्याच्या वीस-तीसपट जाड. इतक्या बारीक जागेत गंजाचा ठिपकाही पुरतो. म्हणून डिझेलची टाकी काठोकाठ भरून ठेवावी किंवा पूर्ण रिकामी करून पुसावी, अर्धी ठेवू नये. पेट्रोलचा नियम वेगळा. साठलेले पेट्रोल उडून कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर उरतो, आणि त्यात मिसळलेले इथेनॉल पाणी ओढते. म्हणून अमेरिकेतले जुने ट्रॅक्टरवाले हंगामाच्या शेवटी टाकीचा नळ बंद करून, कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवतात.

चौथे, पाणी. आपले इंजिन पाण्याने थंड होते. जाकिटात पाणी राहिले तर गाळ आणि क्षार बसतात आणि पुढच्या हंगामात इंजिन विनाकारण तापते. बर्फाच्या प्रदेशात तर पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि ब्लॉकच फोडते. कोलरचे इंजिन हवेने थंड होते, त्यामुळे ते या संकटातून सुटले आहे.

पाचवे, आंबट आणि खारट. चरकाच्या रुळांवर वाळलेला रस आंबतो आणि लोखंड खातो. तिकडे रस्त्यावर टाकलेले मीठ फाळाला आणि पात्यांना खाते. दोन्हीकडे इलाज एकच : धुवा, पुसा, तेलाचा हात फिरवा.

सहावे, भाडेकरू. इथे उंदीर पट्टा कुरतडतात आणि कुंभारीण माशी सायलेन्सरमध्ये मातीचे घर करते. तिथे उंदीर इंजिनाच्या पत्र्याखाली, हवा खेळण्याच्या जागेत, गवताचे घरटे बांधतात. मग इंजिन सुरू झाल्यावर हवा न मिळून तापते. सायलेन्सरवर पालथा डबा आणि पट्टा गुंडाळून आढ्याला, ही जुन्या गुऱ्हाळवाल्यांची पद्धत अजूनही सर्वांत सोपी आहे.

या सहांपैकी एकही गोष्ट चालत्या इंजिनात घडत नाही, निदान या वेगाने घडत नाही. चालते इंजिन गरम राहते, ओलावा उडवते, तेल फिरवते, इंधन ताजे ठेवते. मिस्त्रींचे म्हणणे शब्दशः खरे ठरते ते असे.

धोका सांगितलाच पाहिजे

जुन्या यंत्रांचे कौतुक करताना त्यांचा एक दोष झाकला जातो. ती यंत्रे बनली त्या काळात माणसाच्या सुरक्षेचा विचार कमी होता. उघडा पट्टा आणि उघडे चाक यांत उपरण्याचे टोक, धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर अडकला तर सोडवायला वेळ मिळत नाही. चरकात ऊस सारताना हात ओढला जाण्याचे अपघात आमच्या भागाला नवीन नाहीत. पट्ट्याभोवती जाळीचे कुंपण घालायला लोखंडाच्या चार पट्ट्या आणि एक दिवस लागतो. बर्फाच्या देशात धोका दुसरा आहे. थंडीमुळे लोक बंद गॅरेजमध्ये ट्रॅक्टर सुरू करतात आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पात्यात अडकलेला बर्फ हाताने काढताना बोटे जातात ती वेगळीच. यंत्र जुने ठेवावे, त्याभोवतीची सवय जुनी ठेवू नये.

ठेवायचे की मोडीत घालायचे

माझ्या वहीत गुऱ्हाळांची यादी आहे आणि ती दर वर्षी आखूड होते. गुऱ्हाळ बंद पडले की इंजिन किलोवर विकले जाते. त्यामागे भावना शोधू नये, शेतकऱ्याला पैसे लागतात. पण विकण्याआधी एक हिशेब मांडावा. शंभर दिवसांच्या कामासाठी कर्जाने घेतलेले नवे यंत्र बाकीचे दिवसही हप्ता मागते. जुने यंत्र काही मागत नाही, फक्त नीट झाकून ठेवायला सांगते. २०१९ च्या महापुरात पंचगंगेकाठच्या असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या, तेव्हा रिवाइंडिंगवाल्यांकडे रांगा लागल्या. पाण्यात बुडालेले साधे ऑईल इंजिनही खराब होतेच. पण लगेच हाती घेतले तर ते उघडून, धुऊन, तेल बदलून मिस्त्री जागेवरच उभे करू शकतो.

नव्या यंत्रांबाबत हाच प्रश्न जगभर विचारला जातो : मालकाला आपले यंत्र स्वतः उघडता येते का? अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतकऱ्याला आपली यंत्रे दुरुस्त करण्याचा हक्क देणारा कायदा केला. दुरुस्तीची साधने, पुस्तिका आणि संगणकीय कुलपे उघडण्याची सोय कंपन्यांनी द्यावी, असे तो सांगतो. उद्यमनगरातल्या मिस्त्रींना हा हक्क कोणी लिहून दिला नव्हता. यंत्रच तसे होते.

मला काळजी आहे ती इंजिनापेक्षा या माहितीची. कुठल्या इंजिनाला कुठला लायनर बसतो, कोणत्या गुऱ्हाळावर पट्ट्याचे अंतर किती धरले आहे, हे सारे मिस्त्रींच्या डोक्यात आहे. मिस्त्री सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत आणि त्यांची मुले मोटारसायकलींच्या शोरूममध्ये नोकरीला आहेत.

आपल्याकडे यंत्राचा मान करण्याचा दिवस ठरलेला आहे. खंडेनवमीला इंजिन धुतले जाते, हळद-कुंकू लागते, झेंडूचा हार पडतो. हंगामाच्या तोंडावर यंत्र एकदा नीट पाहिले जावे, हा त्यातला शहाणपणा आहे. पण वर दिलेला हिशेब खरा असेल तर तो दिवस सहा महिने उशिरा येतो. इंजिनाला खरी गरज असते ती शेवटची काहील उतरते त्या दिवशी, जेव्हा सगळे थकलेले असतात आणि हिशेब करून घरी जायची घाई असते. हा अंक हातात पडेल तेव्हा चुलवणे पेटलेली असतील, म्हणून ही गोष्ट आताच सांगून ठेवतो. येत्या पाडव्याच्या सुमारास गुऱ्हाळ बंद कराल, त्या दिवशी अर्धा दिवस इंजिनासाठी ठेवा. तेल बदला, पाणी सोडा, टाकी भरा, चाक दाबावर आणून थांबवा, सायलेन्सरवर डबा घाला. आणि हे काम मिस्त्रींकडून करून घेत असाल तर घरातल्या कोणाला तरी वही-पेन्सिल देऊन शेजारी उभे करा.